कानातून डोळ्यांत

सोमवारी दिवेलागणीला आज्जी मांडीवरचं सूप खाली ठेवायची. सुपात तंबाखूची पत्ती, कात्रीनं कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ आणि दिवसभर वळलेल्या विड्या. मग ती मोरीवर जाऊन हात दोनदा धुवायची. तरी बोटांचा वास जायचा नाही. देवासमोरचा दिवा जरा पुढं ओढून मला म्हणायची, "बस. अकरावा काढ." अकरावा म्हणजे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. मी तिसरीत होते आणि जोडाक्षरं अजून पायात यायची. एखादी ओवी अर्धवट गिळून मी पुढं सरकले, की आज्जी मिटलेले डोळे न उघडताच म्हणायची, "चुकलीस की गं. मागनं वाच."

आज्जीला अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी तिचा अंगठा असायचा. पुस्तक माझ्या हातात होतं, पण त्यातलं बरोबर काय हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिच्या माहेरच्या देवळात चातुर्मासात कुणीतरी पोथी सांगायचं आणि तिनं ती वर्षानुवर्षं ऐकली होती.

वाचनाची गोडी कशी लागली, असं विचारल्यावर माणसं पहिल्या पुस्तकाचं नाव सांगतात. मला आधी आज्जीचं ते टोकणं ऐकू येतं. पुढं बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात वाचनवेड कसं रुजलं याचा माग काढायला लागले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. कुठल्याही पिढीतलं पुस्तक उघडून पाहावं, तर त्याच्या आधी कुणाचा तरी आवाज उभा असतो.

सगळ्यात जुना आवाज पोथीचा. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत शके १६४० मध्ये बारामतीत पुरं केलं. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथही त्यांचेच. छापखाना महाराष्ट्रात येण्याच्या कितीतरी आधी हे ग्रंथ हातानं उतरवले जात होते आणि गावोगाव मोठ्यानं वाचले जात होते. ओवीची घडणच ऐकणाऱ्यासाठी आहे. पहिल्या तीन चरणांत यमक जुळत जातं, चौथा चरण आखूड होऊन थांबतो, आणि त्या थांब्यावर ऐकणाऱ्याची मान हलते. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, असाच तो व्यवहार होता. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या खेड्यांत ज्ञानेश्वरी पारायणाचे सप्ताह आजही भरतात. मंडपात वाचक ओळीनं बसतात, पुढं व्यासपीठ चालवणारे असतात, आणि ज्यांना वाचता येत नाही ते मागं बसून ऐकतात. ऐकणाऱ्यांच्या मांडीवर पोरं असतात. त्यांतली निम्मी झोपलेली, पण कान कुठं झोपतात?

अकराव्या अध्यायात एका माकडाची आणि एका कोंबड्याची गोष्ट आहे. महानंदेच्या घरचे हे दोन मुके जीव पुढच्या जन्मी राजपुत्र आणि प्रधानपुत्र होतात. पोथीत त्यांची नावं मर्कट आणि कुक्कुट. आमच्या घरात कुणी कधी 'मर्कट' म्हणालं नव्हतं. शेजारच्या पोराला माकड म्हणायचे आणि विषय संपायचा. पण ऐकून ऐकून तो शब्द माझ्या ओळखीचा झाला होता. पुढं शाळेच्या पुस्तकात तो छापलेला दिसला तेव्हा गावातला माणूस परगावच्या स्टँडवर भेटावा तसा आनंद झाला. मूल वाचायला शिकतं तेव्हा अक्षरं नवी असतात, पण शब्द जर कानानं आधीच घरात आणलेले असतील तर अक्षराची भीती निम्मी होते. ज्या मुलाच्या कानावर पोथी, ओवी, कहाणी काहीच पडलेलं नाही, त्याला शब्द आणि अक्षर दोन्ही एकदमच परके वाटतात.

दुसरा आवाज छापील कागदाचा. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला कंपनी सरकारकडे गेला. १८२० मध्ये लंडन मिशनची माणसं इथं आली आणि त्यांच्यामागून शाळा आल्या. तिकडं मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' मराठीत आणल्या. मुलांसाठी म्हणून छापलेल्या सुरुवातीच्या मराठी पुस्तकांतली ही. त्याच वर्षी रत्नागिरीत वाचनालय उभं राहिलं. मग १८४८ मध्ये पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, आणि त्याच साली बेळगावातही. बेळगावची ही संस्था आज सार्वजनिक वाचनालय म्हणून ओळखली जाते. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. घाटाखाली रत्नागिरी आणि घाटावर पुणे, बेळगाव, कोल्हापूर असं हे जाळं बावीस वर्षांत विणलं गेलं. बेळगाव त्या वेळी छावणीचं आणि कचेऱ्यांचं गाव होतं. पण पुस्तकाच्या बाबतीत ते पुण्याच्या मागं नव्हतं, बरोबर होतं.

त्या पहिल्या वाचनालयांत पोरांना कुणी बोलावलं नव्हतं, बायकांना तर नाहीच. तिथं वकील, मास्तर, कारकून बसायचे. मग मुलांच्या वाट्याला काय आलं? वडिलांनी घरी येऊन सांगितलेलं. १८६३ मध्ये 'बेळगाव समाचार' निघाला, १८८१ मध्ये पुण्याहून 'केसरी' सुरू झाला. एका अंकामागं एक वाचणारा आणि ओटीवर दहा ऐकणारे, हे त्या काळचं वर्तमानपत्र. कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या मारणारं पोरही त्या दहांतच. अग्रलेखातलं त्याला कळत नसेल. पण छापलेल्या कागदासमोर मोठी माणसं गप्प होतात, हे त्यानं पाहिलेलं असतं.

बेळगावातल्या वाचनाची एक आठवण मला फार प्रिय आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद इथं आले. आधी वकील भाटे यांच्या घरी आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं ते राहिले. तेव्हा शिकागो अजून वर्षभर दूर होतं. मित्रांनी लिहून ठेवलं आहे की एके दिवशी बोलता बोलता स्वामीजींनी डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधली दोन-तीन पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. मित्र चकित झाले. एका संन्याशानं ही कादंबरी किती वेळा वाचली असेल? स्वामीजी म्हणाले, दोनदा. एकदा शाळेत असताना आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी. मित्रांना त्यात स्मरणशक्तीचा चमत्कार दिसला, स्वामीजींनी श्रेय मनाच्या एकाग्रतेला दिलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शाळकरी वयात वाचलेलं एक विनोदी पुस्तक त्या भटक्या माणसानं तिशीजवळ आल्यावर पुन्हा उघडलं होतं आणि परक्या गावात यजमानाला म्हणून दाखवण्याइतकं ते त्याच्या जिभेवर होतं. लहानपणी लागलेली गोडी माणसाला भगव्या कपड्यांतही सोडत नाही.

विसाव्या शतकात आवाजाच्या हातात मासिक आलं. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१ मध्येच सुरू झालं होतं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. १९१९ मध्ये बेळगावात बाबूराव ठाकुरांनी 'तरुण भारत' काढला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान टाकलं होतं. त्या घराण्याचा कारखाना पुढं किर्लोस्करवाडीला गेला आणि तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' व १९३० मध्ये 'स्त्री' ही मासिकं निघाली. बायकांच्या हातात स्वतःचं म्हणून मासिक आलं आणि पोथीनंतर प्रथमच घरातली बाई दुपारी काहीतरी वाचताना पोराला दिसली. हे दिसणं फार मोलाचं होतं.

मग १९५२ मध्ये 'चांदोबा' मराठीत आला. त्याचं कन्नड भावंड आधीपासून निघत होतं. सीमाभागातल्या पोरांना याचा एक वेगळाच लाभ झाला. आमच्याकडं 'चांदोबा' यायचा आणि शेजारच्या कन्नड घरात 'चंदमामा'. चित्रं तीच. खांद्यावर प्रेत टाकून चाललेला विक्रम तोच, फक्त खालची अक्षरं गोल आणि वळणदार. शेजारची मैत्रीण कन्नड वाचून दाखवायची, मी मराठी. चित्रावर बोट ठेवून दोघी पडताळा घ्यायचो. कन्नड लिपी मी शाळेत शिकण्याआधी वेताळाच्या पाठीवरून शिकले. दोन भाषांमध्ये भांडण आहे, हे मला फार नंतर मोठ्या माणसांकडून कळलं.

मासिक महिन्यातून एकदा यायचं, बाकीचे दिवस पुड्यांचे कागद. किराणा दुकानातून साखर, डाळ, चहापत्ती जुन्या कागदाच्या पुड्यांतून यायची. डाळ डब्यात गेली की कागद मांडीवर सपाट करायचा आणि वाचायचा. गोष्ट नेहमी मधूनच सुरू व्हायची आणि मधेच तुटायची. शेवट आपण लावायचा. पुढच्या पुडीत उरलेली गोष्ट सापडेल या आशेनं मी दुकानात जायला कधी कंटाळले नाही.

आता निपाणीतल्या कट्ट्याचं सांगते. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाया आणि घरोघरी सूप घेऊन बसलेल्या विडीवाल्या. हात सतत गुंतलेले, डोळे पानावर, दोऱ्यावर. मोकळे असतात ते फक्त कान. आज्जीभोवती दुपारी चार-पाच जणी जमायच्या आणि मला हुकूम व्हायचा, "वाच काहीतरी." काहीतरी म्हणजे शाळेचं पुस्तक, चांदोबा, पुडीचा कागद, देवाचं चोपडं, जे हाताला लागेल ते. गोष्टीत सासूनं सुनेला छळलं की इकडं पान फाटेपर्यंत दोरा आवळला जायचा.

पुढं कधीतरी वाचलं की क्यूबात हवानाच्या एल फिगारो चिरूट कारखान्यात १८६५ मध्ये कामगारांना वाचून दाखवण्यासाठी माणूस नेमला गेला. उंच बैठकीवर बसून तो वर्तमानपत्र वाचायचा, कादंबऱ्या वाचायचा, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. द्यूमाची 'माँटे क्रिस्टो' तिथं इतकी आवडली की त्या नावाचे चिरूटही निघाले. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांमध्येही हीच रीत होती. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या विड्यांतला वाटा त्याच्या खात्यात टाकायचा, म्हणजे त्याची मजुरी बुडत नसे. हे वाचलं तेव्हा मला आमचा कट्टा आठवला. मला वाटा म्हणून मूठभर शेंगदाणे मिळायचे. पण मी ज्या कामाला बसले होते त्याला जगात मोठी परंपरा आहे, हे कळून ऊर भरून आला. तंबाखूच्या कामानं माणसाचं शरीर झिजतं. त्याच कामानं जागोजागी ऐकणारी माणसंही घडवली, कारण त्या कामात हात बांधले जातात आणि मन मोकळं राहतं. आणि ऐकणाऱ्यांच्या मधोमध बसलेलं पोर आपोआप वाचणारं होतं. आपण वाचलं की मोठी माणसं थांबतात, हसतात, डोळे पुसतात, हे एकदा कळलं की त्या पोराला दुसरं बक्षीस लागत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी दहा वर्षं, १९४६ मध्ये, बेळगावच्याच साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. त्या लढ्याचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. मी इथं फक्त मुलाच्या दप्तरापुरतं बोलते. महाराष्ट्रातल्या मुलाला बालभारतीचं पुस्तक मिळतं. बालभारतीनं १९७१ मध्ये 'किशोर' मासिक काढलं, ते शाळाशाळांतून पोहोचलं. पण ती वाट कागलपर्यंतची. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, आणि इथल्या मराठी शाळेतली पुस्तकं कर्नाटक सरकार छापतं. त्यामुळं 'किशोर' आमच्याकडं शाळेतून यायचा नाही. कोल्हापूरला दवाखान्याला, लग्नाला, बाजाराला गेलेल्या माणसाच्या पिशवीतून यायचा. हद्द मात्र अशी की निपाणीचं देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला आहे. निपाणीची पोरं सकाळी चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातात आणि दुपारी जेवायला आपल्या राज्यात परत येतात.

सरकारी वाट अरुंद झाली की माणसांच्या हातांवर जास्त भार येतो. इथली मराठी पुस्तकं माणसांनी हातोहात पुढं सरकवली. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात इंदिरा संत शिकवत होत्या, पुढं तिथं प्राचार्य झाल्या. त्यांची कविता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्यांच्या हाताखाली तयार होऊन खेड्यांतल्या शाळांवर गेलेल्या बाईंचा विचार फारसा कुणी करत नाही. त्यातल्या एखादीनं पहिलीच्या वर्गात कविता नीट आवाजात म्हटली असेल, तर तिथंच किती पोरांचा दरवाजा उघडला असेल. राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ पु. ल. देशपांडे होते. त्यांनी बेळगावच्या कृष्णराव हरिहरांवर लिहिलेलं 'रावसाहेब' आमच्या भागानं आधी पुलंच्या आवाजात ऐकलं आणि मग 'गणगोत' उघडून वाचलं. कानडी हेल असलेली, वाक्याच्या शेवटी 'की' लावणारी आमची मराठी कॅसेटमधून ऐकू आली, तेव्हा गल्लीतली माणसं एकमेकांकडं बघून हसली होती. अरे, हे तर आपलं बोलणं!

या मागोव्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा टप्पा हाच. पोथीनं शब्द दिले, मासिकानं गोष्ट दिली, पण आपली बोली छापलेली दिसली तेव्हा वाचन आपलं झालं. तोवर पुस्तकातली मुलं पुण्यात राहायची, 'आई, मला दूध दे ना' असं बोलायची. आम्ही तसं बोलत नव्हतो. इंदिराबाईंचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' १९९४ मध्ये आला आणि मागून 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. त्यातला लंपन आमच्या बाजूच्या गावात हिंडतो, आमच्यासारखा बोलतो, मनातल्या मनात बडबडतो. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, हमाल, देवदासी त्यांच्या पानांवर आपापल्या भाषेत बोलत आले. २०२४ मध्ये ते गेले. कोवाडच्या रणजित देसाईंची 'बारी' १९५९ ची, बेळगाव-कोल्हापूर वाटेवरच्या बेरडांची. कागलच्या आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ ची. शेतातल्या कामासाठी बापानं शाळेतून काढलेला पोर शाळेसाठी किती झगडतो, याची ती कहाणी. 'झोंबी' मी एका विडीवाल्या मावशीला वाचून दाखवली होती. तिनं स्वतःच्या पोराला चौथीतून काढून गॅरेजवर लावलं होतं. दोन दुपारी ती ऐकत राहिली, तिसऱ्या दुपारी आली नाही. त्या जूनमध्ये तो पोर परत शाळेत दिसला. त्याला कारण पुस्तकच होतं, असा दावा मी करत नाही. पण ती का आली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आज या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी अशा खेड्यांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. थंडीतला रविवार असतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली. शेतकरी, गवंडी, शिक्षक वर्गणी काढून हे करतात. मोठ्या संमेलनांना सरकार, कारखानदार पाठीशी असतात, इथं गाव असतं. दुपारी कथाकथन सुरू झालं की मंडपात उभं राहायला जागा उरत नाही. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव नेलेली ती कथा सांगण्याची रीत. मायकासमोरचा माणूस सांगतो, हजार माणसं ऐकतात, आणि मंडपाबाहेरच्या पुस्तकांच्या टेबलाशी संध्याकाळी पोरांची गर्दी होते. ऐकून भूक लागलेली पोरं. मी दरवर्षी त्या टेबलाशी थोडा वेळ उभी राहते. पोर पुस्तक उचलतं, किंमत बघतं, खाली ठेवतं, आईकडं बघतं. ती आई पदराची गाठ सोडते का, तेवढं पाहून मी निघते.

इंग्रजी शाळा वाढल्या, मोबाइल आले, मुलं वाचत नाहीत, अशी तक्रार मीही ऐकते. त्यावर मला एकच विचारावंसं वाटतं. त्या घरात मुलाला वाचून कोण दाखवतं? पुस्तकं विकत आणून कपाटात लावणं सोपं आहे. मांडीवर पोर घेऊन रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचणं, तीच गोष्ट विसाव्यांदा वाचणं, हे अवघड आहे, आणि त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. आज्जीकडं पैसा नव्हता, अक्षर नव्हतं, वेळ तर नव्हताच. तरी सोमवारी ती सूप खाली ठेवायची.

गेल्या दिवाळीत बेळगावला भावाकडं गेले होते. त्याची नात चार वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते, अजून एक अक्षर धड वाचता येत नाही. रात्री चित्रांचं मराठी पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. मी वाचायला लागले. प्रवासानं डोळे मिटत होते, म्हणून दोन पानं एकदम उलटली. तिनं लगेच माझा हात धरला.

"आज्जी, ते राहिलं की."

"काय राहिलं?"

"मांजर पायरीवर बसलं की. तू बसवलंच नाहीस."

मी पान मागं उलटलं आणि मांजराला पायरीवर बसवलं.